ताट रिकामं, दात स्वच्छ

मित्रांनो, मी एक जुनी कवळी आहे. कवळी म्हणजे खोटे दात, वरची रांग आणि खालची रांग मिळून एक. हसा, हसून घ्या. तुमचे दात जागच्या जागी आहेत म्हणून हसू येतं. मी सध्या अंजनगाव सुर्जीच्या एका घरात, खिडकीजवळच्या कोनाड्यात, प्लास्टिकच्या डबीत राहते. डबी आरपार दिसणारी आहे, त्यामुळे खोलीत काय चाललंय ते मला सगळं दिसतं. माझा स्वभाव संशयी आहे हेही आताच सांगून टाकते. खोट्या दातांवर कोणी पटकन विश्वास ठेवत नाही. मग मी तरी लोकांवर का ठेवावा?

माझा जन्म अमरावतीचा. दातांच्या एका दवाखान्यामागे लहानशी खोली होती. तिथे ओमप्रकाश नावाच्या कारागिराने मला घडवलं. आधी प्लास्टरचा साचा, मग गुलाबी मेण, मग मेणात एकेक दात बसवणं, मग घासणं आणि चकाकी आणणं. माप ज्यांच्या तोंडाचं घेतलं होतं त्यांचं नाव खुशालराव. जगात इतकी तोंडं आहेत, पण मी बसणार फक्त त्यांच्याच तोंडात. याचा मला फार अभिमान होता.

दवाखान्याच्या डॉक्टर जुईली वयाने लहान, पण बोलायला सडेतोड. त्यांनी खुशालरावांना विचारलं, "आजोबा, सगळेच दात कसे हो गेले?"

"पान," खुशालराव म्हणाले. "पण बाहेरचं नाही. घरच्या मळ्यातलं."

अंजनगावला खुशालरावांचा पानमळा होता. पानवेलीच्या गार सावलीत त्यांचं आयुष्य गेलं. मिसरूड फुटायच्या आधीपासून त्यांच्या गालात विडा असे. दुसऱ्या कोणी तंबाखू खाल्ली की ते त्याला रागवत आणि स्वतः मात्र पानात घालून तीच खात. घरचं पान औषधी असतं, असं ते सगळ्यांना पटवून सांगत. पान घरचं होतं हे खरं. त्यातला चुना, कात, सुपारी आणि तंबाखू काही घरच्या वेलीला लागत नव्हती. हिरड्या सुजल्या, दात हलू लागले, तरी विडा सुटला नाही. शेवटी एकेक करत दातच सुटले.

डॉक्टर जुईली मला त्यांच्या तोंडात बसवून म्हणाल्या, "पान आता बंद. कवळी सैल वाटली तर लगेच या. आपल्या मनाने काही करायचं नाही." खुशालरावांनी मान हलवली. माणूस इतक्या झटकन मान हलवतो तेव्हा मला हमखास संशय येतो.

पण सुरुवातीचे दिवस सोन्याचे होते, खोटं कशाला बोलू. घरी आल्यावर आशाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि हरभऱ्याची भाजी केली. खुशालरावांनी भाकरीचा तुकडा मोडला, माझ्यावर ठेवला आणि दाबला. असा आवाज झाला की आशाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. पहिले काही आठवडे हिरड्या दुखल्या, मग सवय झाली. मी गाजर चावलं, फुटाणे चावले, हुरडा चावला. ओट्यावर बसून खुशालराव मुद्दाम मोठ्यानं हसत. लोक म्हणत, बुढा जवान झाला. ते ऐकून मी आणखी चमकत असे.

मग आशाबाई गेल्या. दुखणं लहानसं होतं, पण माणूस गेलं. घरात मुलगा श्याम आणि सून प्राजक्ता. श्यामचं बाजारात बियाण्याचं दुकान, तो सकाळी जातो तो दिवे लागल्यावर येतो. मुलगी संध्या अकोल्याला दिलेली. माझी जागा अजून तोंडातच होती, पण जेवणं आखडली. आधी आशाबाई समोर बसून वाढत, खा म्हणत, रागवत. आता खुशालराव चार घासांवर उठू लागले. माणूस वाळला की त्याच्या हिरड्या आणि जबडेही वाळतात, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की मी हलू लागले आहे.

त्याच सुमारास दर्यापूरला नात्यातलं लग्न होतं. जेवताना कोणीतरी गंमत सांगितली, खुशालराव हसले आणि मी वरणात पडले. पंगतीतली पोरं खो खो हसली. एक जण तर बघायला वाकला. खुशालरावांनी मला उचललं, रुमालात गुंडाळलं आणि घरी येईपर्यंत ओठ मिटून बसले.

दुसऱ्या दिवसापासून घरात काहीतरी बदललं. "प्राजक्ता," ते म्हणाले, "माहं ताट खोलीतच देत जाय. तिकडं पंख्याची हवा लागत नाही मले." ती बिचारी ताट आणून देऊ लागली. ती गेली की खुशालराव दार लोटत, मला तोंडातून काढत, या डबीत ठेवत आणि डबीवर रुमाल टाकत. जेवायच्या वेळी, मित्रांनो. ज्या वेळेसाठी मला घडवलं, नेमक्या त्याच वेळी.

माझं डोकं फिरलं. मला वाटलं, यांनी दुसरी कवळी आणली. मी कान देऊन ऐकू लागले, पण चावण्याचा आवाज येईना. थोड्या वेळाने प्राजक्ता यायची, ताट न्यायची, आणि ताट अगदी लख्ख. भाकरी नाही, भाजी नाही, चिमूटभर ठेचाही नाही. मग हे जेवण जातं कुठं? प्राजक्ता ताटात कमी तर वाढत नसेल, असंही माझ्या मनात येऊन गेलं. संशयाला काय, कोणतंही घर चालतं.

मग एका दुपारी रुमाल टाकायचा राहिला आणि मला खिडकीत शिंगं दिसली. शेजारच्या पार्बताबाईंची बकरी. खुशालरावांनी भाकरीची चतकोर मोडली आणि गजांतून बाहेर धरली. बकरीने ती अशी ओढली की जणू हा रोजचाच कार्यक्रम होता. मग दुसरी चतकोर, मग हरभऱ्याची भाजी. खुशालरावांनी स्वतः फक्त वरण प्यायलं आणि बोटाने ताट पुसून घेतलं. बकरी तृप्त डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती. तिला खाली पुढचे दात होते, मागे दाढा होत्या, आणि माझं काम ती करत होती.

आता सगळा हिशेब लागला. खुशालराव जगत होते चहा आणि टोस्टवर. टोस्ट चहात बुडवला की दात लागत नाहीत. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी चहा-बिस्किट, संध्याकाळी पुन्हा तेच, आणि चहात साखर भरपूर. प्राजक्ता कौतुकाने सांगे की मामाजींना माझ्या हातचा चहा आवडतो. बकरी दिसामाशी गोल होत गेली. खुशालरावांच्या बंड्या मात्र अंगावर लोंबू लागल्या. एकदा अंगणाच्या पायरीवर त्यांचा पाय लटपटला आणि ते पडले. हाड मोडलं नाही ही देवाची कृपा. श्यामने त्यांना गावातल्या डॉक्टरकडे नेलं. तपासणीत रक्तातली साखर वाढलेली निघाली, अशक्तपणाही निघाला. जेवण नीट आहे का, असं डॉक्टरांनी विचारल्यावर प्राजक्ता खरं तेच बोलली. म्हणाली, दोन्ही वेळचं ताट रिकामं येतं.

मला बोलता आलं असतं तर. दातांशिवाय माणसाला धड बोलता येत नाही, आणि माणसाशिवाय दातांना अजिबात बोलता येत नाही. डबीतल्या पाण्यात पडून मी नुसती बघत होते.

आता पार्बताबाईंकडे या. बाई मनाने वाईट नाही, पण जीभ मोकळी. बकरी का फुगतेय याचा त्यांनी विचार केला नाही, खुशालराव का वाळतात याचा मात्र भरपूर केला. संध्याला त्यांनी फोनवर सांगितलं ते खिडकीतून मलाही ऐकू आलं, "माय, तुह्या बापाची दशा पाय एकदा येऊन. बुढा काडी झाला. आशाबाई होती तवा असा होता का? मी कोणाचं नाव घेत नाही, पण सुनेच्या हातचं जेवण हाय आता." नाव न घेता त्यांनी पुरतं नाव घेतलं होतं.

संध्या रडली असणार. रागावली तर नक्कीच असणार, कारण हिवाळ्यात रोडग्यांच्या दिवशी ती अकोल्याहून आली तेव्हा तिच्या पिशवीत बाबांच्या कपड्यांसाठी रिकामी जागा ठेवलेली होती.

रोडगे म्हणजे कणकेचे गोळे गोवरीच्या विस्तवात भाजायचे. वरून टणक, आतून मऊ. खुशालरावांच्या शेतातल्या मारोतीपुढे दरसाल हा स्वयंपाक होतो. रोडगे, वांग्याची भाजी, वरण आणि तुपाची धार. जाणता माणूस पंगतीत आधी बसतो, त्याने पहिला घास घेतल्याशिवाय बाकीचे घास घेत नाहीत. खुशालराव जवानीत रोडगा हातात फोडून कांद्यासोबत कटाकट चावत. बाकीचे लोक तो वरणात कुस्करून खात, आणि खुशालराव त्यांना बोळके म्हणून चिडवत. आता त्या चिडवण्याचा सूड सगळं शेत घेऊ शकत होतं, नुसतं बघून.

त्या दिवशी सकाळी त्यांनी मला तोंडात बसवलं. पाहुण्यांपुढे रिकामं तोंड कसं दाखवणार? मी हलत होते, टोचत होते, ते सहन करत होते. पळसाच्या पत्रावळी मांडल्या. रोडगा आला, तूप आलं. खुशालराव खोकल्याचं सोंग करून उपरणं तोंडाला लावतात न लावतात तोच मी त्यांच्या मुठीत. मुठीतून मी पत्रावळीच्या काठाखाली. मग त्यांनी वरणाचा घास ओठांत घेतला, आणि पंगत सुरू झाली. सगळ्यांची तोंडं चालू झाल्यावर त्यांनी अख्खा रोडगाही हळूच पत्रावळीखाली सरकवला. आम्ही दोघं अंधारात शेजारी शेजारी. इतक्या जवळून रोडगा मी पहिल्यांदाच बघितला, आणि तोही मला खायचा नव्हता.

पत्रावळीच्या फटीतून मला समोरच्या ओळीतली संध्या दिसत होती. तिचं लक्ष ताटावर नव्हतं, बापावर होतं. गळ्याची हाडं, खोल गेलेले गाल, घोटासारखे घास. तिला राहवलं नाही. वाढत असलेल्या प्राजक्ताला तिने सगळ्यांदेखत विचारलं, "वहिनी, काय खाऊ घालता तुमी बाबांले? हाडं मोजता येऊन राहिली त्यायची."

"ताई, दोन्ही टाइम भाकरी-भाजी देते," प्राजक्ता म्हणाली. "ताट रिकामं येते. मी सोता घासते."

"रिकामं येते का रिकामंच जाते?"

पार्बताबाई वांग्याच्या भाजीकडे बघत बसल्या. आता एका बाईचं नाव आयुष्यभरासाठी खराब होणार होतं, ज्या घरात ती सकाळपासून रात्रीपर्यंत राबते तिथेच. आणि खरं काय ते फक्त तीन जीवांना माहीत होतं. एक म्हातारा, एक बकरी आणि एक मी. बकरी इथे नव्हती. मी पत्रावळीखाली होते. उरले खुशालराव, आणि ते मान खाली घालून बसले.

"उठा बाबा," संध्या म्हणाली. "आजच्या आज माह्यासंगं अकोल्याले चाला." तिने त्यांना हाताला धरून उभं केलं. मला उचलायला त्यांना वेळच मिळाला नाही.

वडीलधाऱ्यांची उष्टी पत्रावळ सुनेने उचलायची, अशी त्या घरची रीत. डोळे पुसत प्राजक्ता खाली वाकली आणि तिने पत्रावळ उचलली. खाली अख्खा रोडगा होता, तुटलेला नाही, चाखलेला नाही. शेजारी मी.

मग तिने मला हातात घेऊन उलटं-सुलटं करून बघितलं. माझ्या फटीत ना कणकेचा कण, ना वांग्याचं बी. जेवल्यानंतर कवळी इतकी स्वच्छ असते का? तिने मला पदराच्या टोकात घेतलं आणि सासऱ्यांजवळ गेली. ओरडली नाही. मी तिच्या जागी असते तर ओरडले असते.

"मामाजी, हे कधीपासून?"

खुशालरावांनी उपरणं तोंडावर धरलं. "काई नाही. टोचत होती थोडी."

"रोजची भाकरी कुठं जाते मग?"

आता सगळे बघत होते. खुशालरावांचे डोळे भरून आले. तोंडात दात नसल्यामुळे त्यांचं बोलणं फुसफुसत होतं, तरी सगळ्यांना कळलं. "पार्बताबाईच्या बकरीले," ते म्हणाले. "लग्नातून आलो तवापासून. संध्ये, हिनं मले उपाशी नाही ठेवलं. ही चांगलं रांधते अन् चांगलं वाढते. मीच बकरीले चारत होतो."

"कावून पण बाबा?" श्याम म्हणाला. "सांगाचं नाही का? आपण लगेच अमरावतीले गेलो असतो."

"काय सांगू? माहा बाप शेवटी शेवटी कालवलेलं खाये. माय त्याले घास घास चारे, अन् आमी पोट्टे मांगून हासो. मी तवाच ठरोलं होतं, आपुन असं खायाचं नाही. मऊ मागतलं का म्हातारपण आलंच समजा. प्राजक्तानं मले लेकरावाणी कुस्करून दिलं असतं, अन् मले ते पायवलं नसतं." मग म्हणाले, "संध्याची माय असती तं तिले सांगतलं असतं."

संध्याने पिशवी खाली ठेवली. प्राजक्ताजवळ जाऊन तिने तिचे दोन्ही हात धरले. पार्बताबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मी तं म्हणत होती का बकरी गाभण हाय." त्यावर कोणीतरी हसलं, आणि मग खुशालरावही हसले, उघड्या तोंडाने, सगळ्यांसमोर.

त्याच आठवड्यात आम्ही अमरावतीला गेलो. डॉक्टर जुईलींनी मला बसवून बघितलं आणि डोक्याला हात लावला. जबडा आक्रसला होता. मी आता त्या तोंडाची राहिले नव्हते. त्यांनी खुशालरावांना सरळ सुनावलं, "आजोबा, चहा-टोस्टनं पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. साखर वाढते आणि पायातलं बळ जातं. डाळ, दही, मूग, भाजी पोटात गेली नाही तर तुम्ही पुन्हा पडणार. जवानीत तोंडात जो विडा धरून ठेवला, त्याचा जाब आता पाय देऊन राहिलेत." खुशालराव या वेळी मान हलवायला विसरले. म्हणून मला खरं वाटलं.

नवी कवळी तयार व्हायला वेळ होता. तोवर प्राजक्ताने एक युक्ती केली. तिने सासऱ्यांसाठी वेगळं काही रांधलं नाही. मुगवड्यांची मऊ भाजी, ताकात मोडलेली भाकरी, शिजवून घोटलेली पालेभाजी, घट्ट वरण, हेच सगळ्या घराला वाढलं. श्याम, प्राजक्ता आणि मुक्कामाला राहिलेली संध्या, सगळेच कालवून जेवले. खोलीतलं ताट बंद झालं. खुशालराव स्वयंपाकघरात सगळ्यांसोबत बसू लागले, आणि त्या घरात त्या दिवसांत कोण म्हातारं आणि कोण जवान हे ताटावरून सांगता येत नव्हतं. चहाची साखर हळूहळू कमी झाली. टोस्टचा डबा रिकामा झाला, तो कोणी पुन्हा भरला नाही.

मग नवी आली. गुलाबी, चकचकीत, तोंडात घट्ट बसणारी. मला तिचा राग आला, हे कबूल करते. पहिल्या काही दिवसांत तीही टोचली, पण खुशालरावांनी दोनदा जाऊन ती घासून घेतली आणि लाजले नाहीत. आता स्वयंपाकघरातून भाकरी चावल्याचा आवाज इथपर्यंत येतो. त्यांच्या गालांवर थोडं मांस आलंय. काठी घेऊन का होईना, ते पानमळ्याच्या बांधापर्यंत फिरून येतात. प्राजक्ता मला टाकून द्यायला निघाली होती. खुशालराव म्हणाले, "राहू दे. कधी खोटं बोलाचं मन झालं तं तिच्याकडं पायत जाईन."

म्हणून मी अजून या कोनाड्यात आहे. माझ्याकडे दुसरं काम नाही, संशय घेणं सोडून. तेच तुम्हालाही शिकवते, मित्रांनो. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस भूक नाही म्हणालं तर विश्वास ठेवू नका. दार लोटून जेवत असेल तर संशय घ्या. आणि ताट चाटूनपुसून परत आलं, तर त्या दिवशी सगळ्यात जास्त घ्या. पण तो संशय पार्बताबाईंसारखा फोनवर घेऊ नका आणि संध्यासारखा पंगतीत घेऊ नका. आपलं ताट उचला, त्यांच्या शेजारी मांडी घालून बसा आणि त्यांचा घास गिळून होईपर्यंत उठू नका.